घामाचा गुण

४ फेब्रुवारी

चि. भिंगरी हिस अनेक आशीर्वाद.

फोन न करता कागद घेऊन बसले आहे, त्याला कारण आहे. फोनवर तू "हो मामी, बघते मामी" म्हणतेस आणि ठेवून देतेस. कागदावर तसं करता येत नाही. उत्तर दिलं नाही तर दिलं नाही हे दिसतं.

काल इस्पितळाच्या चौकशीचा अहवाल हातात पडला. तुझ्या मामांना जाऊन अकरा आठवडे झाले. अकरा आठवडे चौकशी करून या लोकांनी दीड पान लिहिलं, त्यात त्यांचं वयही चुकवलं. अठ्ठावन्नचे त्रेपन्न केले. माणूस मेल्यावर त्याला तरुण करून काय मिळालं कोण जाणे. शेवटचा परिच्छेद जसाच्या तसा उतरवते:

"मृत कामगाराने तळहातास झालेल्या सुईच्या जखमेवर स्वतःचा घाम लावण्याचा अंधश्रद्धाळू प्रकार केला व उपचार घेण्यास तीन दिवस विलंब केला. सबब मृत्यूस मृत स्वतः जबाबदार असून धुलाई विभागाच्या कार्यपद्धतीत बदल करण्याचे कारण दिसत नाही."

वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अंधश्रद्धा! ज्या माणसानं कधी कुणापुढं हात बघायला धरला नाही, जो नळाचं पाणी उकळल्याशिवाय पीत नव्हता, तो अंधश्रद्धाळू?

घाम लावत होते, हे खरं आहे. पण ते डोक्यात कुणी घातलं? दोन वर्षांपूर्वी तुझ्या प्रयोगशाळेची गाडी आमच्या धुलाईत आली. इस्त्रीच्या रुळांपाशी माणसं घामानं निथळतात म्हणून तुम्ही तीच जागा निवडलीत. दंडाला प्लास्टिकच्या पिशव्या बांधून घाम गोळा केलात. चार महिन्यांनी तुझे मोठे सर निकाल सांगायला आले, तू शेजारी उभी. मी तेव्हा शिवणखोलीत फाटक्या चादरी रफू करत होते, त्यामुळं मी काही ऐकलं नाही. पण हे घरी आले ते छाती फुगवून. "सरांनी सांगितलं, माझ्या घामात जंतू मारायचं औषध आहे. एकोणीस माणसांत सगळ्यांत जास्त माझ्यात. जंतू माझ्या वाऱ्याला उभे राहत नाहीत." मी म्हटलं, "मग आता अंघोळ नको म्हणाल." तर म्हणाले, "विचार चाललाय."

मग ती गंमत सुरू झाली. कुणाला चादरी ओढायच्या हुकानं ओरखडा आला, कुणाचं बोट चिमटलं, की घडीवाली घड्यांच्या टेबलावरून हाक मारायची, "काका, जरा गुण द्या!" हे कपाळावरून अंगठा फिरवायचे आणि ओरखड्यावर टेकवायचे. आधी हसण्यावारी होतं. पण ओरखडे बरे होत गेले. ओरखडे बरे होतातच. ते कुणाच्या लक्षात येईना. शेवटी अशी सवय लागली की औषधाची पेटी नुसती भिंतीवर लटकत राहिली.

आणि ज्या दिवशी मळक्या चादरींच्या निवडीच्या टेबलावरची दोन माणसं आली नव्हती म्हणून ह्यांना तिथं उभं केलं, त्या दिवशी कुणीतरी चादरीत गुंडाळून टाकलेली सुई ह्यांच्या तळहातात गेली. हातमोजे पातळ, दोन बोटं फाटलेली. जाड मोजे द्या म्हणून ह्यांनी आणि भट्टीवाल्यानं दोनदा अर्ज केले होते. त्यांचा अहवालात पत्ता नाही.

मला तुझ्याकडून एकच गोष्ट हवी. सर त्या दिवशी काय म्हणाले ते लिहून सही करून पाठव. वीस मार्चला सुनावणी आहे, त्याआधी हरकत नोंदवायची आहे. मला भरपाईचं बोलायचं नाही. तो शब्द खोडून हवा आहे. आणि "बदल करण्याचे कारण दिसत नाही" हे वाक्य खोडून हवं आहे, कारण ते राहिलं तर उद्याही त्या टेबलावर चादरीतून सुया निघणार आणि आमची माणसं उघड्या हातांनी निवडणार.

तुझी मामी

१३ फेब्रुवारी

ती. मामीस सा. नमस्कार.

अहवाल वाचून मलाही फार वाईट वाटलं. असे शब्द वापरायला नको होते.

पण मामी, शांतपणे विचार कर. घामातली ती प्रथिनं कातडीवर काम करतात. आपल्या अंगात अशी कितीतरी प्रथिनं असतात, लाळेत, दुधात, डोळ्यांच्या पाण्यात. जंतू अंगात शिरण्याआधीच ती त्यांना मारायला बघतात. मामाच्या घामात ती जास्त होती हे खरंच आहे. पण सुई खोल गेली, तिथं घामाचं काही चालणार नव्हतं. हे समितीला सांगून काय होणार? ते उलट म्हणतील, बघा, उपयोग नव्हता तरी लावत बसले.

सर नेमकं काय म्हणाले ते आता मला शब्दशः आठवत नाही. ते पुढच्या वर्षी निवृत्त होतायत, तब्येतही बरी नसते. त्यांना यात ओढणं बरं दिसणार नाही. आणि मी लेखी दिलं तर प्रयोगशाळेची परवानगी लागेल, त्याला महिने जातील.

तू जेवतेस ना नीट? गोळ्यांचं पाकीट पाठवलं आहे, रोज एक घे. उन्हाळ्यात माझ्याकडं राहायला ये. थोडे दिवस त्या खोलीतून बाहेर पडलीस तर बरं वाटेल.

तुझी भिंगरी

१९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद.

गोळ्या मिळाल्या. शेजारणीला दिल्या, तिला फुकटचं काहीही चालतं.

तू मला समजावतेस घामाचं काम कातडीवर असतं म्हणून. मला ते माहीत आहे. चौथीतून शाळा सुटली म्हणून मी वाचायची थांबले नाही. हे गेल्यापासून दर शनिवारी वाचनालयात जाते. तिथल्या बाईंनी आधी मला पाककृतीच्या कपाटाकडं नेलं. मी म्हटलं, "बाई, मला माझा नवरा कशानं मेला ते वाचायचंय." त्या दिवसापासून बिचारी माझ्यासाठी पुस्तकं काढून ठेवते. एक जाड पुस्तक तर शब्दकोश शेजारी ठेवून महिनाभर वाचलं.

त्या पुस्तकांत सगळीकडं सैनिक आणि किल्ले. पानोपानी लढाया. मला ते पटलं नाही. मला आपला साबण पटला. जंतूला एक पातळ अस्तर असतं. ही प्रथिनं त्या अस्तराला भोकं पाडतात आणि आतला ऐवज गळून जातो. तीस वर्षं चादरी धुणाऱ्यांमध्ये काढली मी, मला हे कळायला लढाई कशाला लागते? आणि डोळ्यांच्या पाण्यात तसलंच एक असतं, लायसोझाइम, तेही वाचलं. म्हणजे गेले तीन महिने माझ्याइतके स्वच्छ डोळे गावात कुणाचे नसतील.

पण तुला कळत नाहीये की मी काय विचारते आहे. घामानं सुईची जखम बरी होते का, हे मी विचारलेलं नाही. होते असं ह्यांना कुणी सांगितलं, ते विचारते आहे.

ते तीन दिवस तुला माहीत नाहीत. पहिल्या दिवशी संध्याकाळी म्हणाले, "टोचलंय जरा, गुण दिलाय." दुसऱ्या दिवशी मूठ मिटेना. मी म्हटलं, "दाखवून येऊ." तर म्हणाले, "अगं, इतक्या लोकांना बरं केलं, आता मीच दवाखान्यात जाऊन बसलो तर घडीवाली मला जगू देईल का?" चेष्टेची लाज वाटली त्यांना. तिसऱ्या दिवशी मनगटापासून कोपरापर्यंत लाल रेघ उठली आणि अंग तापलं. मग मी काही ऐकलं नाही, रिक्षात घालून नेलं. पाचव्या दिवशी संपलं. ज्या इस्पितळाच्या चादरी आयुष्यभर धुतल्या, त्यातल्याच एका चादरीवर.

माझंही सांगते, म्हणजे तुला वाटायला नको की मामी फक्त दुसऱ्यांकडं बोट दाखवते. मागच्या वर्षी शिवणयंत्राची सुई माझ्या बोटात गेली तेव्हा मीही बोट पुढं केलं होतं. "द्या तुमचा गुण," म्हटलं. हसत म्हटलं, पण केलं. पुस्तकं वाचणारी बाई मी. तेव्हा एकदा जरी म्हटलं असतं, "पुरे हा चावटपणा, साबणानं हात धुवा," तर त्यांना ती लाज वाटली नसती. मी सुनावणीत हे सांगणार आहे.

आणि तू? मोठे सर आजारी, परवानगीला महिने, शब्दशः आठवत नाही! मामाच्या खांद्यावर बसून जत्रेतले आकाशपाळणे मोजणारी पोरगी तू. तुझं पहिलं भिंग त्यांनी आणून दिलं. आणि त्यांच्या नावापुढं कुणी शेण लावलं तर तू परवानगीचं बोलतेस?

असू दे. तुला जमत नसेल तर मी सरांनाच पत्र लिहिते. पत्ता तुमच्या संस्थेच्या पाकिटावर आहे. विचारते, म्हणावं, साहेब, अडाणी माणसांना असं सांगताना जीभ कशी उचलली तुमची?

मामी

२७ फेब्रुवारी

मामी,

सरांना पत्र लिहू नकोस. लिहिलं असशील तर पोस्टात टाकू नकोस. हात जोडते.

ते सर म्हणाले नव्हते. मी म्हणाले होते.

सरांना आपली भाषा येत नाही हे तुला माहीत आहे. ते त्यांच्या भाषेत बोलायचे, मी सगळ्यांना सांगायचे. त्या दिवशी ते म्हणाले ते मला शब्दशः आठवतं. आठवत नाही असं लिहिलं ते खोटं होतं. ते म्हणाले, "या एका माणसाच्या नमुन्यात हे प्रथिन बाकीच्यांपेक्षा जास्त आहे. याचा त्याच्या आरोग्याशी काही संबंध आहे का, हे आम्हाला अजून माहीत नाही."

एवढंच. आणि मी वळले तर समोर सगळे उभे. रुळांची वाफ, मामा पुढं, बनियनवर. एकोणीस जणांत त्याचं नाव निघालं म्हणून चेहरा असा झाला होता की मला "अजून माहीत नाही" हे बोलवेना. म्हणून मी म्हटलं, "सर म्हणतायत, मामांच्या घामात जंतू मारायचं औषध आहे. जंतू त्यांच्या वाऱ्याला उभे राहत नाहीत." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांना वाटलं त्यांच्यासाठी वाजवल्या, त्यांनी मान लववली.

मला फक्त मामाचं कौतुक व्हावं असं वाटलं होतं. आयुष्यभर त्यानं माझं केलं. चार माणसांत एकदा त्याचं व्हावं.

अजून एक आहे. ते लिहिल्याशिवाय हे पत्र टाकता येणार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मामाचा मला फोन आला होता. तुला त्यानं सांगितलं नसेल. म्हणाला, "भिंगरे, सुई लागलीये, हात ठणकतोय. तुझ्या सरांना विचार ना, घामाला गुण यायला किती वेळ लागतो?" मी हसले. मी म्हटलं, "काय मामा, दवाखान्यात दाखव बरं." म्हटलं मी, मामी, खरंच म्हटलं. पण हसत म्हटलं. थट्टेला थट्टेचं उत्तर दिल्यासारखं. तो पण हसला आणि फोन ठेवला. मी कामाला लागले.

तू म्हणतेस लिहून दे. काय लिहून देऊ आता?

भिंगरी

२ मार्च

तुझं पत्र मिळालं. सरांना लिहिलेलं पाकीट अजून माझ्याकडंच होतं, ते फाडलं. बाकी आत्ता काही लिहीत नाही. लिहिलं तर जे लिहू नये ते लिहीन.

११ मार्च

भिंगरी,

नऊ दिवस झाले. या नऊ दिवसांत मी तुझ्याशी मनात इतकं भांडले की शेजारणीनं विचारलं, कुणाशी पुटपुटता.

तुझा राग येतो. कमी-जास्त होत नाही, तसाच आहे. एक शब्द जास्त बोललीस म्हणून नाही. कौतुकापोटी माणूस जास्त बोलतो. राग येतो तो त्यानंतरच्या दोन वर्षांचा. तू सुट्टीत यायचीस, "काका, गुण द्या" हे तुझ्या कानांवर पडायचं. तुझ्या समोर ह्यांनी घडीवालीच्या कोपराला अंगठा लावला होता, मी पाहिलं आहे. तेव्हा तू काय केलंस? चहा प्यालीस. तिथं एक वाक्य बोलायचं होतं: "मामा, ते मी वाढवून सांगितलं होतं." लाज वाटली असती, घटकाभर. बस, तेवढीच किंमत होती.

आणि तो फोन. मला का नाही कळवलंस? मामाचा हात ठणकतोय एवढं मला सांगायला काय जात होतं? मी दुसऱ्याच दिवशी ओढत नेलं असतं. ते सगळ्यांशी थट्टेनं बोलायचे हे तुला माहीत होतं. दुखतंय हे थट्टेतच सांगणारा माणूस तो.

रागानं मी मागचं पत्र कितीतरी वेळा वाचलं. आणि एक गोष्ट डोळ्यांपुढून हलेना. सगळे टाळ्या वाजवतायत आणि हे पुढं उभे आहेत. घरी आले तेव्हाचा चेहरा मी पाहिला होता, तिथला तू पाहिलास. तो तू मला दिलास, हेही खरं आहे. त्याचं काय करायचं ते मला कळत नाही, म्हणून तसंच लिहून ठेवते.

आता काय लिहून देऊ, असं विचारतेस. हेच दे. मला लिहिलंस तेच, फोनसकट. सरांच्या नावावर खोटं मला नको होतं, आणि तुला वाचवायला खरं झाकणंही नको. ह्यांनी अंधश्रद्धेनं घाम लावला नाही. पांढरा कोट घातलेल्या, शिकलेल्या, स्वतःच्या भाचीनं सांगितलं म्हणून लावला. विश्वास ठेवला. तो दोष असेल तर मग शाळा तरी कशाला काढता?

आणि सुई तू चादरीत ठेवली नव्हतीस. तेही मी विसरलेले नाही. त्यांना विसरू देणार नाही.

मामी

१६ मार्च

मामी,

निवेदन सोबत आहे. साडेतीन पानं. दोन प्रती, दोन्हींवर सही.

पाठवण्याआधी सरांना वाचून दाखवलं. त्यांच्या भाषेत, या वेळी काही न वाढवता. फोनची ओळ त्यांनी पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाले, "तिथं मी दर वेळी तुझ्या तोंडून बोललो आणि एकदाही विचारलं नाही, तू काय सांगतेस." त्यांनी खाली स्वतःची टीप लिहून सही केली आहे. निकाल सांगितल्यावर लोकांना काय समजलं ते तपासायची पद्धत आमच्याकडं नव्हती, असं लिहिलं आहे. परवानगीचं विचारलं तर म्हणाले, "ती मी बघतो."

नमुने गोळा करण्याच्या कामावरून मला काढलं आहे. पुढं काय होतं ते माहीत नाही. हे तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. लपवायचं नाही असं ठरवलं आहे, म्हणून लिहिलं.

भिंगरी

२४ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

सुनावणीचं सविस्तर लिहिते. तुला यायला मनाई नव्हती, पण मीच नको म्हटलं होतं. तुला समोर बघून मी तुझ्यावरच ओरडले असते आणि त्यांचं फावलं असतं.

खोली लहान, पंखा मोठा, त्यामुळं सारखे कागद उडत होते. अधीक्षक मधे बसले होते. अहवाल लिहिणारा अधिकारी बाजूला, मोबाइलमध्ये डोकं घातलेला. आमच्याकडून मी, भट्टीवाला आणि घडीवाली. अधिकारी सुरुवातीलाच म्हणाला, "बाई, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो." मी म्हटलं, "भावना घरी ठेवून आलेय. कागद आणलाय, तो समजून घ्या."

तुझं निवेदन मी मोठ्यानं वाचलं. फोनची ओळ आली तिथं मी कागद भट्टीवाल्याकडं दिला, ती त्यानं वाचली. अडखळत वाचली, पण सगळी वाचली. मग मी माझ्या बोटाचं सांगितलं. घडीवाली म्हणाली, "आम्ही सगळ्यांनीच अंगठा लावून घेतलाय, साहेब. अंधश्रद्धा म्हणायचं तर एकोणीस जणांची नावं लिहा." आणि भट्टीवाला म्हणाला, "ती शिकवायला आमच्याकडं प्रयोगशाळेची गाडी आली होती, म्हणजे ती सरकारमान्यच म्हणायची." अधीक्षकांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं.

मग चहा आला आणि चहाबरोबर गोड बोलणं. अधिकारी मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेला. म्हणाला, "हे निवेदन नोंदीत गेलं तर तुमच्या भाचीचं कायमचं नुकसान होईल. मागं घ्या. आम्ही 'स्वतः जबाबदार' काढतो, 'दुर्दैवी अपघात' लिहितो. यजमानांचं नावही स्वच्छ, पोरीचंही."

खोटं कशाला बोलू, माझा हात त्या कागदाकडं गेला. तुझ्यावर एवढा राग असून गेला. लहानपणापासून तुझ्या शाळेच्या फ्रॉकची उंची मी वाढवत आलेय, तो हात कसा जाणार नाही? मी विचारलं, "आणि सुयांचं?"

तो म्हणाला, "त्याचा योग्य वेळी विचार होईल."

मग मी आत गेले आणि कागद अधीक्षकांच्या हातात दिला. म्हटलं, "नोंदवून घ्या. आणि याची पोच द्या."

नवा अहवाल परवा आला. अंधश्रद्धा हा शब्द गेला, "बदल करण्याचे कारण दिसत नाही" हेही गेलं. त्या जागी लिहिलंय की सदर समज संशोधन पथकाने दिलेल्या चुकीच्या माहितीतून निर्माण झाला. तुझं नाव आहे, सांगून ठेवते. त्याखाली लिहिलंय, चादरीत सुई राहणे ही संबंधित वॉर्डाची चूक, आणि जाड मोजे न पुरवणे ही विभागाची. त्या दोन ओळींसाठी तासभर भांडलो. वय अठ्ठावन्न केलंय. टेबलावर आता चिमटे आलेत आणि सुयांसाठी पत्र्याचा डबा. जाड मोजे आले ते चौदा जोड्या. माणसं अठरा राहिली आहेत. उरलेल्या चौघांना बहुतेक हातच नाहीत असं त्यांना वाटतंय. त्याचा अर्ज काल दिला.

मी तुला माफ केलं असं समजू नकोस. मला ते जमेल की नाही माहीत नाही. पण तू लिहिलंस, आणि सगळं लिहिलंस, हे मी चार माणसांत सांगते.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. अहवाल आला म्हणून मी धुलाईत सगळ्यांना वाचून दाखवायला गेले. वाचून झाल्यावर घडीवाली मला बाजूला घेऊन गेली आणि तिनं कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत ह्यांचा रुमाल. रुळांपाशी गळ्याला बांधायचे तो, घामानं कडक झालेला. ह्यांच्या खुंटीवर राहिला होता. म्हणाली, "टाकवेना. आणि कुणाला काही लागलं की टेकवते जरा. अजून गुण आहे त्यात."

सगळं ऐकून, सुनावणीत बोलून, अठरा जणांसमोर अहवाल ऐकून, तरी! मी तिच्यावर ओरडणार होते. पण पिशवी उघडली तर त्यांचाच वास आला. भिंगरी, घरात त्यांचा एक कपडा मी न धुता ठेवलेला नाही. धुणाऱ्याच्या घरात तसं कुणाला सुचतच नाही. पहिल्या आठवड्यातच सगळं धुऊन घडी घालून ठेवलं होतं आणि मग चार महिने कपाटात डोकं घालून हुंगत होते, साबणाशिवाय काही येत नव्हतं.

मी तो तिच्याकडून मागून घेतला. एक दिवस उशीपाशी ठेवला. परत खुंटीवर गेला असता तर कुणीतरी जखमेवर टेकवला असता, आणि माझ्याकडं राहिला असता तर तिनं तो मागितला असता, आज ना उद्या. म्हणून आज सकाळी बादलीत गरम पाणी घेतलं, साबण घेतला आणि त्यांनी शिकवलं होतं तसा, आधी कडा आणि मग मधलं, असा धुतला. दोनदा. आता दोरीवर आहे.

रविवारी ये. घडीवालीला आणि बाकीच्यांना तुझ्या तोंडून ऐकायचं आहे, माझं ते ऐकत नाहीत, म्हणतात बाई दुःखात आहे. सर म्हणाले होते ते सांग, "अजून माहीत नाही" सकट. माझा राग तोवर गेलेला नसेल. तरी ये.

मामी